डब्ल्यूपीसीची फळी पांढरी का पडते? जाड भुसा की बारीक भुसा?

गच्चीवरचा_गडी

मंडळी नमस्कार. रंकाळ्याच्या बाजूला घर आहे, वरची निम्मी गच्ची आम्ही लाकडासारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या फळ्यांनी झाकलीय, डब्ल्यूपीसी (वूड प्लास्टिक कॉम्पोझिट, लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) डेकिंग म्हणतात ते. बसवताना गडद चॉकलेटी रंग होता. दुकानदार म्हणालेला, ऊन पाऊस कायबी होत न्हाई, एकदा टाकलं की बघायला नको. आता बघतोय तर थेट उन्हातल्या फळ्या राखाडी-पांढरट, टाकीच्या सावलीतल्या अजून चॉकलेटी, आणि कठड्याच्या कडेला पाणी साचतं तिथं फळ्यांची तोंडं फुगल्यासारखी झालीत, हात फिरवला की खरखरीत लागतं.

कापलेल्या टोकाकडनं आत भुशाचे दाणे सरळ डोळ्याला दिसतात. आता दुसरा एक दुकानदार सांगतोय की तुमच्यात जाड भुसा घातलाय म्हणून हे झालं, आमच्यात १०० मेशची (मेश म्हणजे चाळणीचा नंबर, नंबर मोठा तेवढी पावडर बारीक) बारीक पावडर असते, तिला काही होत नाही. भाव मात्र जवळजवळ दीडपट. तर प्रश्न असा, की भुसा बारीक असला म्हणजे फळी खरंच टिकते, का हे नुसतं गिऱ्हाईक गुंडाळायचं काम चाललंय? आणि जुन्या फळ्या काढाव्यात का तशाच ठेवाव्यात? जाणकारांनी लिहा. नसलेल्यांनी पण लिहा, इथं कोण ऐकतंय.

तांबडा_रस्सा

नसलेल्यांतला पहिला मी. हजर.

शाहूपुरीची_काकी

आमच्याकडं उलटा अनुभव आहे बघा. २०१९ च्या पुरात खालच्या मजल्यावरच्या प्लायवूडच्या ट्रॉल्या फुगून पदर सुटले सगळे, चौकटी पण गेल्या. मग मी हट्ट करून सगळं डब्ल्यूपीसीचं करून घेतलो. २०२१ ला परत पाणी आलं घरात, आम्ही गाळ धुतलो, पंखा लावून वाळवलो आणि त्याच ट्रॉल्या आजपण वापरतोय. वाळवी नाही, फुगणं नाही. त्यामुळं हे मटेरियल खराब असं मी तरी म्हणणार नाही. तुमच्या दुकानदारानं भलतंच काहीतरी दिलंय.

पॉलिमरवाली

काकी, तुमची ट्रॉली आणि यांची गच्ची, नाव एकच पण माल वेगळा. किचनला जो बोर्ड लावतात तो बहुतेक वेळा फोम केलेला पीव्हीसी असतो, त्यात लाकडाची पावडर थोडी, त्यामुळं पाणी प्यायला आत फारसं काही नसतंच. गच्चीवरच्या डेकिंगमध्ये एचडीपीई, म्हणजे टणक जातीचं पॉलिथिलीन प्लास्टिक असतं आणि त्यात निम्मं किंवा त्याहून जास्त लाकडाचं पीठ. म्हणजे तुमचा बोर्ड पुरात टिकला म्हणून यांची फळी पावसात टिकायला पाहिजे असं होत नाही. आणि उलट पण आहे, तो किचनचा फोम बोर्ड गच्चीवर उन्हात टाकला तर पीव्हीसी पिवळं पडतं, वर पांढरी भुकटी येते. तिथं तो टिकायचा नाही.

आता गडीसाहेबांच्या प्रश्नाकडं. यात तीन गोष्टी एकात एक गुंतल्यात: रंग, ताकद आणि पाणी. दुकानदार तिन्हीचं खापर भुशाच्या जाडीवर फोडतोय. ते सुटं करून बघायला पाहिजे.

रंग आधी. लाकडात लिग्निन असतं, तंतूंना धरून ठेवणारा डिंकच म्हणा, उन्हातले अतिनील किरण शोषण्याचं काम बहुतेक सगळं तेच करतं. शोषता शोषता ते स्वतः तुटतं, आधी पिवळसर होतं, मग तुटलेले तुकडे पाण्यात विरघळणारे होतात आणि पावसाबरोबर धुऊन जातात. मागं राहतो तो पांढरट सेल्युलोज, म्हणजे लाकडाचा नुसता तंतू. तुमची राखाडी-पांढरी फळी म्हणजे हेच. टाकीखाली ऊन नाही म्हणून तिथला रंग शाबूत. यात भुसा जाड का बारीक यापेक्षा लाकूड किती टक्के घातलंय आणि रंगद्रव्य कुठलं न किती वापरलंय हे जास्त बोलतं. आयर्न ऑक्साइड किंवा कार्बन ब्लॅक नीट घातलं असेल तर रंग बराच काळ धरतो, हात आखडून घातलं असेल तर पहिल्याच उन्हाळ्यात कळतं.

पेठेतला_पाहुणा

पुण्याहून लिहितोय, चालेल ना? आमच्या सोसायटीत क्लबहाऊसला हेच डेकिंग आहे. मी तेव्हा तीन कंपन्यांची माहितीपत्रकं वाचली होती. बारीक पावडरवाल्याचं २४ तासांचं पाणी शोषण १ टक्क्याच्या आत आणि जाडवाल्याचं त्याच्यापेक्षा जास्त, असं स्पष्ट छापलेलं होतं. त्यामुळे बारीक चांगलं, यात वाद घालण्यासारखं काय आहे ते मला समजलं नाही. दीडपट पैसे द्या आणि मोकळे व्हा.

तांबडा_रस्सा

पुण्यातनं दीडपट पैसे द्या असा सल्ला आलाय. धागा वर पिन करा कुणीतरी.

वाळूवाला_उद्यमनगर

मी फाउंड्रीवाला माणूस, प्लास्टिकातलं मला कळत नाही, पण मेश म्हटलं की आमचा घरचा विषय. आमच्याकडं मोल्डिंगची वाळू रोज चाळून बघतात. ५० ग्रॅम वाळू घ्यायची, वरनं खाली ४०, ५०, ७०, १०० अशी चाळण्यांची चवड, शेकर लावायचा १५ मिनिटं, मग प्रत्येक चाळणीवर किती राहिली ते वजन करायचं. कोण आम्हाला नुसतं "५५ नंबरची वाळू" म्हणून विकायला आला तर आम्ही विचारतो बाबा ती सरासरी झाली, पसारा सांग. कारण निम्मी जाड आणि निम्मी पिठूळ मिसळली तरी सरासरी ५५ येतीया, आणि तसली वाळू साच्यात घातली की मग कास्टिंग बघून रडायचं.

तेच इथं. "१०० मेश" म्हणजे काय? १०० मेशची चाळणी म्हणजे साधारण ०.१५ मिमीचं भोक. ४० मेश म्हणजे ०.४२ मिमी, २० मेश म्हणजे ०.८५ च्या आसपास. पण सगळा माल त्यातनं खाली गेला का निम्माच गेला? आणि दुसरी गंमत, वाळूचा दाणा गोल असतो, लाकडाचा नसतो. काडी असती ती. उभी राहिली की चाळणीतनं सरळ खाली निसटते. म्हणजे मेशवरनं काडीची जाडी कळंल, लांबी कळत नाही. दुकानदाराला विचारा लांबी किती, बघा काय करतोय तोंड.

पॉलिमरवाली

@वाळूवाला, दादा तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. ताकदीच्या बाबतीत कणाचा आकार किती यापेक्षा लांबी भागिले जाडी किती हेच जास्त महत्त्वाचं निघतं. लांबट काडी असेल तर प्लास्टिककडनं आलेला भार ती पेलते, गोल दाणा नुसता जागा भरतो. मॅडिसनला, विस्कॉन्सिनमध्ये, अमेरिकन सरकारची १९१० पासूनची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे, तिथं पॉलिप्रॉपिलीनमध्ये वेगवेगळ्या मापाचं लाकूड घालून हे तपासलेलं आहे. त्यात एक मजेशीर गोष्ट निघाली. खाच पाडलेल्या पट्टीवर आघात केला तर जाड कणांची पट्टी जास्त तग धरते, आणि खाच नसलेल्या पट्टीवर केला तर बारीक कणांची. कारण आधीच चीर असेल तर जाड कण तिला वळसा घालायला लावतो, आणि चीर नसेल तर तोच जाड कण चीर सुरू व्हायची जागा बनतो. म्हणजे "बारीक चांगलं" हे वाक्यच अर्धवट आहे.

@पाहुणा, तुमचं माहितीपत्रक खोटं नाही, पण २४ तास हा फार सोयीचा आकडा आहे. यात पाणी अतिशय हळू शिरतं. एका दिवसात फक्त वरची कातडी ओली होते, गाभा कोरडाच. तोच तुकडा पाण्यात ठेवून दिला तर आठवडेच्या आठवडे, महिनोन्महिने वजन वाढत राहतं. कोल्हापुरात पाऊस जूनला सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत फळीला धड वाळायला सापडत नाही. तिथं २४ तासांचा आकडा घेऊन काय करायचं?

गगनबावडा_मुक्कामी

तुम्ही कोल्हापूरवाले पाऊस पाऊस म्हणता तेव्हा आम्हाला हसू येतं. या एकदा आमच्याकडं जुलैत. तुमची वर्षाची बेरीज आमच्याकडं कधी पडून जाते कळत पण नाही.

पेठेतला_पाहुणा

बरं, २४ तास कमी पडतात हे मान्य. पण तरी जाड भुसा जास्त पाणी पितो हे खरं आहे की नाही? हो किंवा नाही.

पॉलिमरवाली

हो. बाकी सगळं सारखं असेल तर हो.

आता का ते सांगते. शेंगदाण्याची चिक्की डोळ्यापुढं आणा. गूळ म्हणजे प्लास्टिक, शेंगदाणा म्हणजे लाकूड. अख्खे शेंगदाणे ठासून भरलेली चिक्की कापली तर दाणे एकमेकांना टेकलेले दिसतात आणि कापलेल्या कडेला उघडे पडतात. कूट घालून केलेल्या वडीत कण कण गुळात बुडालेला असतो. लाकूड पाणी ओढतं, एचडीपीई ओढत नाही. त्यामुळं कण एकमेकांना टेकले की पाण्याला आत जायला सलग वाट मिळते, आणि जाड कण असेल तर एकाच कणातनं ते एकदम अर्धा मिलिमीटर आत. आणि लाकूड ५० टक्क्यांच्या वर गेलं की कण बारीक असले तरी टेकतातच, गुळच पुरत नाही.

उन्हाचं तसं नाही. अतिनील किरण लाकडात जेमतेम ७५ मायक्रॉनपर्यंत पोचतात, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. ४० मेशचा एक कण ४२० मायक्रॉनचा. ऊन त्याची नुसती साल जाळतं, बाकीचा कण खाली तसाच. पण ऊन आणि पाणी एकत्र आले की खरा खेळ होतो. उन्हानं वरचं एचडीपीई तडकतं, लिग्निन तुटतं. पावसानं ते धुऊन जातं आणि खालचा ताजा थर उघडा पडतो. पाणी प्यालेला कण फुगतो, भोवतीच्या प्लास्टिकला आतनं रेटतो, वाळला की आकसतो पण रेटलेलं प्लास्टिक परत जागेवर येत नाही, मग कण आणि प्लास्टिकच्या मधे फट. पुढच्या पावसाला तीच फट वाट. मॅडिसनवाल्यांनी उन्हासारखा उजेड देणाऱ्या झेनॉन दिव्याखाली काही पट्ट्या नुसत्या उन्हात आणि काही ऊन अधिक पाण्याचा फवारा अशा ठेवल्या, तर पाण्याबरोबरच्या पट्ट्यांचा रंग पण जास्त उडाला आणि ताठपणा पण जास्त गेला.

जाड कण जास्त फुगतो, जास्त रेटतो, मोठी फट पाडतो. भुशाच्या जाडीचा हवामानाशी संबंध आहे तो मुख्य इथून, पाण्यातनं. उन्हातनं नाही.

सुतारकाम_पिढीजात

ताई सगळं बरोबर, पण मी विचारतो ह्या गड्यानं फळ्या बसवल्या कशा? कडेला पाणी साचतं म्हणतोय म्हणजे खाली उतार नाही. बऱ्याच जागी मी बघितलंय, गच्चीच्या फरशीवर सरळ फळ्या आपटतात, खाली हवा खेळायला जागाच नाही, दोन फळ्यांत फट नाही, टोकं भिंतीला चिकटून. पोकळ फळी असेल तर टोकाच्या भोकातनं पाणी आत शिरून बसतं आणि ते गणपतीपर्यंत बाहेर येत नाही. तिथं १०० मेश घाला नाहीतर मैदा घाला, कुजणारच. आमचे वडील सागवानाची चौकट बसवताना सुद्धा खालचं टोक आधी तेल पाजून घ्यायचे, कारण लाकूड टोकाकडनंच पाणी पितं. इथं पण तेच चाललंय, फरक एवढाच की आता कोण टोक झाकत नाही, प्लास्टिक आहे म्हणून.

गच्चीवरचा_गडी

सुतारदादा, फळ्या पोकळच आहेत. खाली रबराच्या गुट्ट्या दिल्यात पण पट्टी नाही. टोकं उघडीच आहेत. आणि हो, कठड्याला दोन ठिकाणी अगदी टेकल्यात, उन्हाळ्यात तिथंच मधे उचलल्या जातात, पाय दिला की टकटक वाजतात.

सुतारकाम_पिढीजात

मग झालं की.

पॉलिमरवाली

ती उचलली जाते ती उन्हानं लांबी वाढल्यामुळं. अशी फळी दर मीटरला दर अंशाला ०.०४ मिमीच्या आसपास वाढते. थंडीतली पहाट धरा १५ अंश, एप्रिलात दुपारी गडद फळीचा पृष्ठभाग सहज ६० ला जातो. ४५ अंशांचा फरक, फळी ३ मीटर, म्हणजे ५ मिमीच्या वर. दोन्ही टोकं भिंतीला असतील तर ती वरच जाणार, दुसरीकडं कुठं जाईल.

आजऱ्याचा_तांदूळ

जरा विषयाला फाटा फोडतो. लाकूडच कशाला? आपल्याकडं उसाचं चिपाड ढिगानं आहे, आमच्याकडं भाताचं तूस आहे. त्याच्या फळ्या का करत नाहीत? कागलच्या एमआयडीसीत कुणी टाकला कारखाना तर शेतकऱ्याला चार पैसे मिळतील.

वाळूवाला_उद्यमनगर

चिपाड ढिगानं आहे पण मोकळं नाही भावा. कारखाने ते बॉयलरला घालून वीज करतात न विकतात. तुम्ही मागायला गेला तर भाव सांगतील.

पॉलिमरवाली

दोन्हीच्या फळ्या होतात. चिपाडात मधला जो मऊ गर असतो तो स्पंजासारखं पाणी ओढतो, तो आधी वेगळा काढावा लागतो, आणि राहिलेली साखर धुवावी लागते नाहीतर मशीनमध्ये करपते. तूस जास्त सोयीचं आहे, त्यात सिलिका भरपूर, पाणी लाकडापेक्षा कमी पितं, बाजारातल्या बऱ्याच डेकिंगमध्ये "लाकूड" म्हणून तूसच असतं. पण तीच सिलिका एक्स्ट्रूडरचा, म्हणजे माल वितळवून फळी बाहेर ढकलणाऱ्या मशीनचा स्क्रू घासून टाकते, म्हणून कारखानदार कुरकुरतात.

तांबडा_रस्सा

आजरा घनसाळच्या तुसाचं डेकिंग करा. पहिल्या पावसात सगळ्या गल्लीला वास सुटंल, शेजारी ताट घेऊन गच्चीवर.

शाहूपुरीची_काकी

आमच्या जावेच्या बंगल्यात नवं डेकिंग टाकलंय तिथं पहिल्या पावसात चहासारखं तपकिरी पाणी भिंतीवरनं ओघळलं, पांढऱ्या रंगाचं वाटोळं झालं. ते काय असतं?

पॉलिमरवाली

लाकडातला टॅनिनसारखा विरघळणारा भाग. वरच्या कणांतला धुऊन गेला की थांबतं. भिंतीवरचे डाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या सौम्य पाण्यानं निघतात, हातमोजे घालून करा, आधी कोपऱ्यात लावून बघा. प्रेशर वॉशर मात्र फळीवर जवळनं मारू नका, वरचा प्लास्टिकचा थर सोलून निघतो आणि आतला भुसा उघडा पडतो. तेच पॉलिश पेपरनं घासणाऱ्यांचं. कंपन्या स्वतः पण लाकडासारखं दिसावं म्हणून वरून रंधा किंवा ब्रश मारतात. दिसायला छान, पण जो थर राखण करणार तोच काढून टाकलेला.

पेठेतला_पाहुणा

एक शंका. बारीक पावडरचा तोटा काहीच नाही का मग? तुम्ही मगाशी "अर्धवट वाक्य" म्हणालात म्हणून विचारतो.

पॉलिमरवाली

आहे, आणि तो दुकानदार सांगणार नाही. कणाची जाडी निम्मी केली की तेवढ्याच वजनाच्या लाकडाचा एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. लाकूड पाण्याशी सलगी करणारं, एचडीपीई पाण्यापासून पळणारं, दोघांचं जमत नाही, म्हणून मधे मध्यस्थ लागतो, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिलीन, साधारण २ ते ५ टक्के. पृष्ठभाग वाढला की मध्यस्थ पण जास्त लागतो, आणि तो महाग. तो न वाढवता नुसती पावडर बारीक केली तर कण नीट चिकटत नाहीत, शिवाय गुठळ्या होतात. गुठळी झाली म्हणजे कागदावर १०० मेश आणि फळीत परत जाड दाणाच की. त्यात काहीजण मशीन सुरळीत चालायला झिंक स्टिअरेट घालतात, ते मध्यस्थाचंच काम बिघडवतं. आणि पावडर एक्स्ट्रूडरमध्ये जायच्या आधी कडक वाळलेली पाहिजे, १ टक्क्याच्या आत ओल, नाहीतर वाफेची भोकं राहतात. पावसाळ्यात गोडाऊनमधल्या पोत्यातली पावडर तशी असते का, तुम्हीच सांगा.

वाळूवाला_उद्यमनगर

आमच्याकडं पण हेच. वाळू बारीक केली की फिनिश चांगलं येतं, पण बाइंडर वाढवावा लागतो आणि गॅस बाहेर जायला जागा राहत नाही. जास्त बारीक म्हणजे जास्त चांगलं असं कुठल्याच धंद्यात नसतं.

गडीसाहेब, फळीचा एक तुकडा आणून द्या वर्कशॉपला. दाणा बघायला भिंग आहे आमच्याकडं. धारदार पात्यानं पातळ चकती काढून बघू, निदान गुठळ्या आहेत का सुटे कण आहेत ते तरी दिसंल.

गगनबावडा_मुक्कामी

आमच्याकडं एका रिसॉर्टच्या पुलाला अशा फळ्या होत्या, त्याच्यावर छोट्या छत्र्या उगवलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात. प्लास्टिकवर आळंबी. कोण विश्वास ठेवत नव्हतं.

पॉलिमरवाली

मी ठेवते. फ्लोरिडात एव्हरग्लेड्सच्या दलदलीत असला बोर्डवॉक होता, त्याच्या फळ्यांवर बुरशी वाढल्याची नोंद १९९८ मध्येच छापून आलीय. तोपर्यंत सगळे म्हणायचे प्लास्टिकनं लाकूड झाकलंय, कुजणार कसं. वरच्या काही मिलिमीटरांत ओल बराच काळ टिकली की बुरशीला तेवढं पुरतं. म्हणून आता चांगल्या मालात बुरशी रोखायला झिंक बोरेट घालतात.

गच्चीवरचा_गडी

वाळूवाल्या दादांकडं जाऊन आलो, चहा पण झाला. भिंगाखाली स्पष्ट दिसतंय, जाड काड्या आहेत आणि बऱ्याच एकमेकींना टेकलेल्या. दुसऱ्या दुकानदाराचा नमुना पण नेला होता, त्यातले कण बारीक आहेत हे खरं, पण मधे मधे पांढुरक्या गुठळ्या, दादा म्हणाले पावडर नीट मिसळलीच नाही. दोन्ही तुकडे वजन करून आता बादलीत टाकलेत, वर विटेचा तुकडा ठेवून. एका दिवसात काढणार नाही, ताईंचं ऐकून गणपतीपर्यंत ठेवतोय, अधनंमधनं पुसून वजन करीन.

आता मूळ प्रश्नाचं सांगा. काढू का ठेवू? आणि नवीन घ्यायचं झालं तर दुकानात जाऊन काय विचारू? "लांबी भागिले जाडी" विचारलं तर ते मला बाहेर काढतील.

पॉलिमरवाली

मेश विचारूच नका. लाकूड किती टक्के ते विचारा, ५० च्या बरंच वर सांगितलं तर गच्चीसाठी सोडून द्या. प्लास्टिक एचडीपीई आहे का ते विचारा. वरून प्लास्टिकचं पूर्ण आवरण असलेली फळी येते, कॅप्ड म्हणतात, ती परवडत असेल तर तीच घ्या, आणि आवरण चारी बाजूंनी आहे का फक्त वरून ते बघा. यूव्ही स्टॅबिलायझर, म्हणजे उन्हापासनं प्लास्टिक राखणारं रसायन, घातलाय का हे विचारलं तर सगळेच हो म्हणतात, त्यापेक्षा त्यांनी बसवलेली जुनी जागा दाखवा म्हणा, दोन-तीन पावसाळे झालेली.

जुन्या फळ्या रंग गेला एवढ्यासाठी काढायची गरज नाही. राखाडी झालेला भाग आता त्याच्यापुढं फारसा बदलणार नाही. फुगलेल्या, स्क्रूपाशी तडकलेल्या आणि पाय दिल्यावर लवणाऱ्या तेवढ्या बदला.

सुतारकाम_पिढीजात

आणि बदलताना आधी सगळ्या उचला. खाली ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी टाका, लक्ष्मीपुरीत मिळंल, मधलं अंतर एक फुटाच्या वर नको नाहीतर उन्हात फळी पोट सोडते. पट्ट्या पाण्याच्या वाटेच्या दिशेनं, आडव्या टाकल्या तर पाणी तिथंच अडतं. उतार मीटरला १ सेंटिमीटर. भिंतीपासनं बोटभर लांब. फळीच्या फुगलेल्या टोकाचा वीतभर भाग कापून टाका, आतली फळी बरी असली तर तीच वापरा, टोकाला टोपी लावा पण खालच्या बाजूला छोटं भोक ठेवा. ॲल्युमिनियमला लोखंडी स्क्रू मारू नका, स्टेनलेसचे घ्या.

पेठेतला_पाहुणा

कापलेल्या टोकाला टोपीच्या आधी काही लावायचं का? सुतारदादांचे वडील तेल पाजायचे तसं?

सुतारकाम_पिढीजात

तेल ह्यात मुरत नाही, वरच राहतं न चिकट होऊन धूळ धरतं. टोक कोरडं असताना आत सिलिकॉनची एक रेघ मारा आणि टोपी दाबा. कोरडं असताना म्हणजे आता नाही, दिवाळीनंतर.

तांबडा_रस्सा

गडीभाऊ, कापलेले तुकडे टाकू नका, मला द्या. कोंबड्यांच्या खुराड्याला पायरी करायचीय. जाड भुसा चालंल.